एम३३चं प्रकरण: वायू अपुरा, तरी तारे जन्मतात

डिसेंबरातल्या अमावास्येच्या रात्री, आठच्या सुमाराला, वांगणीसारख्या जरा अंधाऱ्या जागी पाठीवर आडवं पडावं. देवयानी डोक्यावर आलेली असते. तिच्यातल्या मिराक ताऱ्यापासून एका बाजूला जितकं अंतर गेल्यावर प्रसिद्ध देवयानी दीर्घिका लागते, जवळपास तितकंच अंतर उलट बाजूला गेलं की त्रिकोण तारकासमूहाच्या हद्दीत एक पुसट ठिपका सापडतो. सापडतो म्हणजे, १० बाय ५० ची द्विनेत्री हातात असेल आणि शेजारी कोणी मोबाइल पेटवला नसेल तर. हीच ती एम३३ दीर्घिका. आकाशात तिचा पसारा दोन पौर्णिमेच्या चंद्रांपेक्षा लांब आहे, पण प्रकाश इतका पातळ पसरलेला की नवख्याच्या हाती बहुतेक वेळा निराशाच येते.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिएने १७६४ साली तिची नोंद केली. अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे दीर्घिकांच्या हिशेबात वाड्यातल्याच पलीकडच्या खोलीत. आपल्या आकाशगंगेपेक्षा ती बरीच किरकोळ. ताऱ्यांमधलं तिचं वस्तुमान ५०० कोटी सूर्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या साधारण एक दशांश. मधोमध फुगवटा जवळजवळ नाही, मोठं कृष्णविवर नाही. वायू मात्र भरपूर. हायड्रोजन आणि हीलियम मिळून ताऱ्यांच्या निम्म्यापर्यंत पोचेल इतका.

आणि ती तारे घडवते आहे, तेही जोरात. वर्षाला सरासरी अर्ध्या सूर्याएवढं वस्तुमान वायूतून ताऱ्यांत जातं. आपली आकाशगंगा वर्षाला दीड ते दोन सूर्य घडवते, पण ती दहापट जड आहे. वजनाच्या मानाने पाहिलं तर ही धाकटी थोरलीपेक्षा जास्त कष्टाळू.

प्रकरण इथूनच सुरू होतं. कारण वायू एकूण भरपूर असला तरी पाठ्यपुस्तकातल्या परीक्षेप्रमाणे तो पुरेसा दाट नाही, आणि एम३३मध्ये तारे तयार व्हायला नकोत.

परीक्षा कसली

१९६४ साली अलार टूमरे यांनी चकतीच्या आकाराच्या दीर्घिकेचं गुरुत्वीय स्थैर्य तपासणारा एक निकष मांडला. त्यांचा विचार ताऱ्यांच्या चकतीचा होता. वायूच्या चकतीसाठी तसाच निकष व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांनी सोव्हिएत रशियात चार वर्षं आधी काढला होता, पण त्यांच्या डोळ्यांपुढे ग्रहांचा जन्म होता. आज सगळे त्याला टूमरेचा क्यू म्हणतात. साफ्रोनोव्ह यांच्यावर थोडा अन्यायच आहे हा.

फिरणाऱ्या चकतीतला वायूचा एक तुकडा जरा दाट झाला असं धरा. त्याचं स्वतःचं गुरुत्व त्याला आत ओढतं. तुकडा छोटा असेल तर वायूचे रेणू इकडेतिकडे धावत असल्यामुळे तो गोळा होण्याआधीच विस्कटून जातो. तुकडा फार मोठा असेल तर दुसरीच अडचण येते. दीर्घिका सगळीकडे सारख्या कोनीय वेगाने फिरत नाही, आणि त्या तुकड्याला आधीपासून स्वतःची गिरकी असते. तो आकसायला लागला की गिरकी वाढते, हात जवळ घेणाऱ्या नर्तिकेसारखी, आणि आकसणं थांबतं. लहानांना दाब वाचवतो, मोठ्यांना फिरणं वाचवतं. मधल्या आकाराचा एखादा तुकडा दोन्हींच्या तावडीतून सुटतो का, एवढाच प्रश्न उरतो.

क्यू म्हणजे याच प्रश्नाचं एका आकड्यातलं उत्तर. वरती दोन गोष्टींचा गुणाकार: वायूच्या कणांचा मोकाट वेग, आणि वर्तुळाकार कक्षेतून जरा ढकललेली वस्तू त्या कक्षेभोवती किती झपाट्याने हेलकावते ती वारंवारता. खाली पाय (π), गुरुत्वीय स्थिरांक आणि चकतीच्या प्रत्येक चौरस भागावर साठलेलं वस्तुमान. क्यू एकापेक्षा कमी, तर गुरुत्व जिंकलं आणि चकतीच्या गाठी होणार. एकापेक्षा बराच जास्त, तर चकती शांत.

१९८९ मध्ये रॉबर्ट केनिकट यांनी हा निकष खऱ्या सर्पिल दीर्घिकांना लावून पाहिला. हायड्रोजनच्या लाल प्रकाशावरून त्यांनी नव्या ताऱ्यांच्या जागा ओळखल्या. बऱ्याच दीर्घिकांत एका विशिष्ट त्रिज्येपलीकडे हा लाल प्रकाश एकदम ओसरतो, जणू गावाची वेस लागली. वायू मात्र वेशीपलीकडेही पसरलेला असतो. केनिकट यांच्या हिशेबात ही वेस नेमकी तिथे पडत होती जिथे वायूचा क्यू दीडच्या आसपास पोचतो. वायूची घनता त्या क्यूशी जुळणाऱ्या उंबरठ्याखाली गेली की ताऱ्यांचा कारखाना बंद. निष्कर्ष सुबक होता, आणि तो लगेच लोकप्रिय झाला.

दोन दीर्घिका मात्र नियमात बसेनात. एक एनजीसी २४०३, दुसरी एम३३. दोन्हींत वायू उंबरठ्याच्या खाली, आणि तारे सर्वत्र. पुढे २००१ साली क्रिस्टल मार्टिन आणि केनिकट यांनी ३२ दीर्घिकांचा पसारा पुन्हा तपासला. नियम बहुतेकांना लागू पडला. ही दोन पोरं पुन्हा वर्गाबाहेरच उभी.

एका ठिकाणी जाऊन पाहू

आकडे घेतल्याशिवाय ही भानगड किती ठसठशीत आहे ते कळत नाही. एम३३च्या केंद्रापासून ३ किलोपार्सेकवर, म्हणजे सुमारे १० हजार प्रकाशवर्षांवर जाऊ (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं, किलोपार्सेक त्याच्या हजारपट). ही जागा निवडायला कारण आहे. इथून थोडं बाहेर एनजीसी ६०४ नावाचा प्रचंड तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेल यांनी तो १७८४ साली पाहिला, आणि तेव्हापासून त्याला दीर्घिकेपेक्षा वेगळा क्रमांक आहे, इतका तो उठून दिसतो. आठ-दहा इंची दुर्बिणीतून एम३३चा धूसर पट्टा पाहताना एका टोकाला जो घट्ट ठिपका दिसतो, तोच. त्याची रुंदी दीड हजार प्रकाशवर्षांच्या घरात आणि पोटात दोनशेहून जास्त तरुण, अतितप्त, वजनदार तारे. मृगातला तेजोमेघ त्याच्यापुढे पणती.

इथला हिशेब मी गोल आकड्यांनी करतो. कोणालाही कागदावर करता येईल. फिरण्याचा वेग सेकंदाला ९० किलोमीटर, आणि तो बाहेरच्या बाजूला हळूहळू वाढत जाणारा. त्यावरून हेलकाव्याची वारंवारता येते किलोपार्सेकमागे सुमारे ४८ किलोमीटर प्रति सेकंद. अणुरूप हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींची रुंदी पाहून (नारायणगावजवळ खोडदच्या मोठ्या अँटेना आकाशातून ऐकतात त्याच लहरी) वायूचा मोकाट वेग सेकंदाला ८ किलोमीटर धरता येतो. वायूचं वस्तुमान, अणू, रेणू आणि हीलियम मिळून, दर चौरस पार्सेकला १२ सूर्य.

गुणाकार-भागाकार केला की क्यू येतो २.४.

मोकाट वेगाच्या बाबतीत कंजुषी करून केनिकट यांच्यासारखा ६ किलोमीटर घेतला, तरी उत्तर १.८. दीडच्या वरच. म्हणजे जिथे दोनशे राक्षसी तारे एका मेघात पेटलेत, जवळपास त्याच अंतरावरच्या वायूबद्दल सूत्र म्हणतं आहे की इथे सगळं शांत आहे, काही घडायचं नाही.

आता ९ किलोपार्सेकवर, वेशीच्या बाहेर जाऊ. एम३३मध्ये लाल प्रकाश ७ किलोपार्सेकच्या आसपास ओसरतो. बाहेर फिरण्याचा वेग ११५, वायू विरळ, दर चौरस पार्सेकला ४ सूर्य. हेलकावेही संथ झालेले, वारंवारता १९. क्यू येतो २.८.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: आत २.४, बाहेर २.८. एका ठिकाणी कारखाना तीन पाळ्यांत चालू, दुसऱ्या ठिकाणी जवळपास टाळं, आणि सूत्राला फरक जेमतेम दिसतो. एम३३ नुसती नापास झाली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. इथे परीक्षाच पास-नापास ओळखत नाही. हे जास्त गंभीर.

पहिला संशय अर्थातच मोजमापावर जातो. वायूचं वस्तुमान कमी धरलं गेलं असेल का? रेणुरूप हायड्रोजन थेट दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइडच्या लहरींवरून त्याचा अंदाज बांधतात, आणि एम३३मध्ये जड मूलद्रव्यं आपल्याकडच्यापेक्षा कमी असल्यामुळे तो अंदाज खाली घसरू शकतो. पण रेणुरूप वायू इथे मुळातच थोडा आहे, सगळा मिळून ३० कोटी सूर्यांच्या आसपास. अणुरूप वायू त्याच्या कित्येक पट. थोड्याला दुप्पट केलं तरी बेरीज फारशी हलत नाही. वायूच्या मोकाट वेगाचं आपण वर पाहिलंच. या दोन खिडक्यांतून प्रकरण सुटत नव्हतं.

हिशेबात कोण राहिलं होतं

राहिले होते ते तारे. आधीच जन्मलेले, जुने, थंडपणे फिरणारे तारे.

टूमरेच्या मूळ निकषात वायू नव्हता, फक्त तारे होते. केनिकट यांच्या वापरात तारे नव्हते, फक्त वायू होता. बऱ्याच दीर्घिकांत हे चालून गेलं, कारण उंबरठ्याच्या आकड्यातच ताऱ्यांचा वाटा नकळत मुरलेला होता. क्यू एक असायला हवा, आणि वेस दीडवर पडत होती. तो दीड कुठून आला याची चौकशी फारशी झाली नाही. माझ्या मते एम३३ने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ही चौकशी भाग पाडणं.

दोघांचा एकत्र विचार करण्याची रीत तोपर्यंत तयारही होती. १९८४ साली चंदा जोग आणि फिलिप सॉलोमन यांनी तारे आणि वायू हे एकाच चकतीतले दोन द्रव मानून गणित केलं होतं. जोग पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयावर काम करत राहिल्या. त्या गणितातली एक गोष्ट मला अजूनही चकित करते. वायू एकटा घेतला तर स्थिर. तारे एकटे घेतले तरी स्थिर. दोघांना एकत्र ठेवलं की चकती अस्थिर होऊ शकते. बाजेवर एकेकटा बसला तर बाज नुसती कुरकुरते, दोघं बसले की मोडते, तसं. वायू एखाद्या जागी जरा दाटला की तिथल्या गुरुत्वाने तारेही किंचित जवळ येतात, ताऱ्यांच्या त्या वाढलेल्या ओढीने वायू आणखी दाटतो. वायू थंड असल्यामुळे तो या हाकेला ताऱ्यांपेक्षा फार तत्परतेने ओ देतो.

मग आपल्या ३ किलोपार्सेकच्या जागेवर ताऱ्यांची हजेरी घेऊ. दर चौरस पार्सेकला साधारण ४५ सूर्यांएवढं वस्तुमान ताऱ्यांत, वायूच्या जवळपास चौपट. त्यांचा मोकाट वेग २५ किलोमीटर धरला. ताऱ्यांच्या सूत्रात पायऐवजी ३.३६ येतो. ताऱ्यांचा क्यू निघतो १.८५. म्हणजे तेही स्वतःपुरते स्थिर.

दोन्ही एकत्र करायची सर्वांत सोपी रीत शाळेतल्या समांतर जोडणीतल्या रोधांसारखी आहे. एक भागिले २.४, अधिक एक भागिले १.८५, आणि आलेल्या बेरजेचा व्यस्त. उत्तर एकाच्या अगदी जवळ. ही रीत जरा उतावळी आहे. तारे आणि वायू यांच्या वेगांत बरीच तफावत असेल तर ती अस्थैर्य वाढवून दाखवते. तफावतीचा विचार करणारं सुधारित सूत्र लावलं की उत्तर १.३ च्या आसपास जातं. तरीही दीडच्या खाली.

आणि बाहेर, ९ किलोपार्सेकवर? तिथे तारे फार विरळ, चौरस पार्सेकला दीड-दोन सूर्य. ते हिशेबात घातले तरी क्यू २.८ वरून २.३ वर येतो, आणखी खाली नाही.

आत १.३, बाहेर २.३. आता सूत्राला वेस दिसली.

हा सोपा हिशेब. एदविगे कोर्बेली यांनी २००३ साली तो खरोखरच्या बारकाईने केला. कार्बन मोनॉक्साइडच्या नव्या निरीक्षणांतून फिरण्याचा वेग त्रिज्येगणिक मोजला, त्यात २१ सेंटिमीटरची जुनी मोजमापं जोडली, आणि त्यातून ताऱ्यांचं आणि अदृश्य द्रव्याचं (डार्क मॅटरचं) वस्तुमान वेगळं काढलं. एम३३मध्ये वायूच्या पूर्ण पसाऱ्यापर्यंत पाहिलं तर अदृश्य द्रव्य दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपट भरतं. निष्कर्ष असा, की नुसत्या वायूवर टूमरेचा निकष लावला तर अस्थिर भागाचा आकार चुकतो, पण ताऱ्यांचं किंवा अदृश्य द्रव्याच्या प्रभामंडलाचं गुरुत्व जमेस धरलं की तो बरोबर येतो.

त्याच अभ्यासात एक दुसरी वाटही सापडली, आणि ती मला प्रामाणिकपणे थोडी अडचणीची वाटते. हेलकाव्याच्या वारंवारतेऐवजी चकतीच्या थरांचं एकमेकांवरून घसरणं किती जलद आहे ते वापरलं, आणि वायूचा मोकाट वेग शक्य तितका कमी धरला, तर ताऱ्यांची मदत न घेताही वेस जागेवर पडते. या निकषामागचा विचार असा की वायूची गाठ जमायला जितका वेळ लागतो त्याआधी घसरणीने ती फाटते का, हेच खरं महत्त्वाचं. एम३३सारख्या दीर्घिकेत आतल्या भागात वेग बाहेरच्या दिशेने वाढत जातो, म्हणून घसरण कमी, म्हणून गाठी टिकतात. म्हणजे आरोपी एक, आणि कबुलीजबाब दोन. गणिताच्या बळावर दोघांतला एक निवडता येत नाही. माझा कल ताऱ्यांच्या बाजूला आहे, कारण तिथे वायूचा वेग हवा तसा कमी करावा लागत नाही.

सरासरीची फसवणूक

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती बोलायची राहून जाते. वायूचा आकडा म्हणजे त्या त्रिज्येवरच्या संपूर्ण वर्तुळाची सरासरी. चौरस पार्सेकला १२ सूर्य कुठेच नसतात. कुठे ५, कुठे ४०.

एम३३ इतकी जवळ आहे की तिच्यातले मेघ सुटे सुटे दिसतात. २००३ साली तिच्या कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशात १४८ मोठे रेणुमेघ मोजले गेले. ते अणुरूप हायड्रोजनच्या दाट तंतूंवरच बसलेले होते, ओढ्याकाठच्या उंबरांसारखे. पुढे जास्त संवेदनशील नकाशातून ही संख्या ५६६ झाली. त्या मेघांचं आयुष्य जेमतेम दीड कोटी वर्षं निघतं. चकतीला त्या अंतरावर एक फेरी पुरी करायला वीस कोटी वर्षं लागतात. म्हणजे मेघ जन्मतो, तारे घडवतो आणि त्याच ताऱ्यांच्या हातून उधळला जातो, तोवर दीर्घिका फेरीचा दहावा हिस्सासुद्धा पुढे सरकलेली नसते.

क्यू सांगतो की चकती गाठी धरण्याच्या बेतात आहे का. गाठीतून तारा व्हायला पुढे बरंच लागतं: वायू थंड होणं, अणूंचे रेणू होणं, ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशापासून धुळीची सावली. २००८ मध्ये अॅडम लेरॉय आणि सहकाऱ्यांनी २३ दीर्घिकांत हे तपासलं, तेव्हा तारे हिशेबात घेतल्यावर चकत्या जवळपास सगळीकडे सारख्याच, काठावर स्थिर अशा दिसल्या, आणि वायूचे तारे किती झपाट्याने होतात याचा क्यूशी स्पष्ट संबंध लागला नाही. मला याचा अर्थ असा लागतो की चकती स्वतःलाच काठावर ठेवते. क्यू खाली गेला की तारे जन्मतात, त्यांचे वारे आणि स्फोट वायूला घुसळतात, मोकाट वेग वाढतो, क्यू वर येतो. तव्यावरच्या भाकरीसारखं, फुगली की आच कमी. तापमापीवरून ताप आहे हे कळतं, पण ताप कशाने आला ते कळत नाही. टूमरेच्या आकड्याकडे बटण म्हणून पाहणाऱ्यांची गल्लत इथेच झाली, असं मला वाटतं.

आणि त्या वेशीचंही एवढं पक्कं मानू नये. एम३३चा अणुरूप वायू ७ किलोपार्सेकच्या कितीतरी पुढे जातो. ८च्या पलीकडे त्याची चकती वाकते, तव्यावर तापलेल्या पापडाची कड वळावी तशी. या काठापलीकडच्या विरळ भागातही तुरळक तरुण तारे सापडलेले आहेत. सरासरी क्यू तिथे २.३, म्हणजे शांतच. पण ९ किलोपार्सेकवरचा आपला आकडा पुन्हा घ्या, चौरस पार्सेकला ४ सूर्य. नुसत्या वायूचा क्यू २.८ वरून दीडवर आणायला साडेसात पुरतात. कुठल्याशा तंतूत वायू सरासरीच्या दुपटीला जरासा कमी इतका दाटला, की झालं. वाकलेल्या, हिंदकळणाऱ्या चकतीत तेवढी दाटी अधूनमधून होणारच.